लिव्हर दगडासारखा कडक, तरी सायकल थांबेना

दोन_चाकं (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. या विभागात बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय किरकोळ वाटेल, पण माझी झोप उडालीय.

माझी कॉलेजातली सायकल गच्चीवर पोत्याखाली पडून होती. सरळ हँडल, क्रोमच्या स्टीलच्या रिम, दोन्ही चाकांना साधे कॅलिपर ब्रेक, म्हणजे रिमला वरून चिमट्यासारखे धरणारे. लेक आठवीत गेली, शाळेला सायकल पाहिजे म्हणाली, म्हणून तीच नीट करायची ठरवली. एक लिव्हर तुटला होता. दुकानदाराने जोडीच बदलली. काळे, ॲल्युमिनियमचे, दोन बोटांत मावणारे लिव्हर. "साहेब, पॉवर ब्रेकचे आहेत, एकदम टॉप." वायर नवी, आऊटर (वायरवरची नळी) नवा. दुकानात दाबून बघितलं तर जेमतेम अर्धा सेंटिमीटर आत जातो आणि दगड! मी खूश. मनात म्हटलं, आमच्या वेळी असे ब्रेक असते तर.

रविवारी आधी स्वतः चालवून बघावी म्हणून इथे सोलापुरात आसरा पुलावर नेली. चढ चढलो. उतारावर ब्रेक दाबला. लिव्हर कडक. आणखी दाबला. कडकच. सायकल मात्र आपल्या नादात चाललेली. शेवटी दोन्ही पाय टेकवले. उजव्या चपलेला टाचेपाशी रुपयाएवढं भोक पडलं आणि पुढचं चाक एका कलिंगडाच्या हातगाडीला जाऊन टेकलं. गाडीवाल्याने घरंगळणारं एक कलिंगड हातानं थोपवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "राहू द्या मालक, फुटलं नाही."

दुकानात परत गेलो. त्याने वायर अजून ताणून दिली. लिव्हर अजून कडक, ब्रेक होता तसाच.

लिव्हर इतका घट्ट असताना ब्रेक लागत नाही म्हणजे नेमकं बिघडलंय काय? लेकीच्या हातात ही सायकल द्यायची हिंमत होत नाहीये.

---

रविवारची_राईड

रबर बदला. जुनी रबरं सोलापूरच्या उन्हात वाळून लाकूड होतात, रिमवर नुसती घसरतात. लिव्हर कडक आहे म्हणजे लिव्हर-वायर ओके. कडक लिव्हर हीच चांगल्या ब्रेकची खूण. माझ्या सायकलचा लिव्हर पण असाच आहे आणि मी दर रविवारी हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन येतो.

---

कडकभाकरी

चपलेच्या भोकाला श्रद्धांजली. 😄

माझं दुखणं बरोब्बर उलटं आहे म्हणून इथेच लिहिते. जुळे सोलापुरात एकाकडून जुनी एमटीबी (माउंटन बाइक) घेतली. तिला ते लांब हातांचे व्ही ब्रेक आहेत. आधीच्या मालकाने लिव्हर कुठल्या तरी जुन्या सायकलचे लावलेत, चांदीसारखे चकचकीत, मोठे. दाबला की लिव्हर थेट हँडलला येऊन टेकतो. मग वायर ताणून ताणून रबरं रिमला चिकटवली. आता ब्रेक लागतो, पण असा की पुढचं चाक जागीच अडकतं. परवा नव्या पेठेत मागचं चाक उचललं गेलं, पिशवीतली अंडी गेली. शिवाय रिम जराशी वाकडी आहे, त्यामुळे चालवताना दर फेऱ्याला खर्र खर्र.

माझीही रबरंच बदलायची का?

---

व्हर्निअर

दोन_चाकं आणि कडकभाकरी ताई, तुमचं दुखणं एकच आहे. रबराला नंतर हात लावा.

मी आयटीआयला फिटर ट्रेड शिकवायचो, आता निवृत्त. पोरांना तरफ शिकवताना मी आधी अडकित्ता दाखवायचो. सुपारी खिळीजवळ धरली तर कटकन फुटते. टोकाकडे धरली तर हात दुखतो आणि सुपारी निसटते. पण खिळीजवळ पातं उघडतं किती? जेमतेम. टोकाकडे ते भरपूर उघडतं. जोर हवा तर हालचाल कमी मिळणार, हालचाल हवी तर जोर कमी. दोन्ही एकदम कुणालाच मिळत नाही.

ब्रेकचा लिव्हर हा अडकित्ताच. त्याची खीळ म्हणजे ज्या पिनीवर तो फिरतो ती. सुपारी म्हणजे वायरचं डोकं जिथे अडकतं ती खाच. ही खाच पिनीपासून किती लांब आहे यावर सगळा खेळ. जुन्या पद्धतीच्या लिव्हरमध्ये हे अंतर साधारण २५ मिमी किंवा त्याहून थोडं कमी असतं. तो वायर थोडी ओढतो, पण जोरात ओढतो. हा कॅलिपरसाठी, आणि कँटिलिव्हर या आखूड हातांच्या ब्रेकसाठीही. व्ही ब्रेकच्या लिव्हरमध्ये ते अंतर ३० मिमीच्या वर जातं. तो वायर भरपूर ओढतो, पण कमी जोराने.

कमी जोराचा लिव्हर व्ही ब्रेकला का चालतो? कारण व्ही ब्रेकचे हातच लांब असतात. पिनीपासून वायरपर्यंत १०० मिमीच्या पुढे, आणि पिनीपासून रबरापर्यंत पंचवीस-सव्वीस. म्हणजे तो हात स्वतःच जोर चौपट करतो. त्या बदल्यात त्याला वायर भरपूर लागते. वायर ८ मिमी ओढली तर दोन हातांत चार-चार वाटली जाते, आणि रबर सरकतं फक्त एकेक मिमी. साध्या एका पिनीच्या कॅलिपरमध्ये जोर जवळपास जेवढ्यास तेवढा राहतो, आणि त्याच ८ मिमीत रबर चार मिमी सरकतं.

शिमानो या जपानी कंपनीने व्ही ब्रेक १९९६ साली आणला, तेव्हा त्याच्यासोबत लिव्हरही वेगळे दिले, ते याच कारणाने. आपल्याकडे दुकानात हा व्ही ब्रेक 'पॉवर ब्रेक' म्हणून आला आणि लिव्हर बघायला सगळे सारखेच, म्हणून घोटाळा होतो.

दोन_चाकं, तुमच्याकडे व्ही ब्रेकचा लिव्हर कॅलिपरला लागलाय. लिव्हर वायर झटकन ओढतो, रबर लगेच टेकतं, म्हणून दगड. पण जोर नाही. ताईंकडे कॅलिपरचा लिव्हर व्ही ब्रेकला. जोर जास्तीचा, वायर पुरत नाही, म्हणून हँडलला टेकतो.

दोघांनीही एक काम करा. लिव्हर पूर्ण दाबून आत बघा. पिनीच्या मध्यापासून वायरच्या डोक्याच्या मध्यापर्यंत किती मिमी भरतं ते इथे लिहा. व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) नसेल तर कंपासपेटीतली पट्टी चालेल.

---

रविवारची_राईड

काका, आदर आहे, पण हे पटलं नाही. कडक लिव्हर वाईट आणि मऊ लिव्हर चांगला, असं कसं? मऊ लिव्हर म्हणजे वायर सैल, हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

---

व्हर्निअर

वायर सैल असेल तर लिव्हर सुरुवातीला रिकामा जातो. तो मऊपणा वेगळा. मी म्हणतोय तो रबर रिमला टेकल्यानंतरचा. जोर खरोखर पोचत असेल तर रबर थोडं दबतं, वायर थोडी ताणते, आऊटर थोडा आकसतो, कॅलिपरचे हातही किंचित वाकतात. हे सगळं तुमच्या बोटांना 'मऊ' म्हणून कळतं. जोर पोचतच नसेल तर यातलं काहीच दबत नाही, आणि बोटांना वाटतं की भिंतीला हात लावलाय.

आकड्यात सांगतो. बोटं पिनीपासून ८० मिमीवर धरू. खाच २४ वर असेल तर जोर ३.३ पट होतो. ३४ वर असेल तर २.३५ पट. म्हणजे तेवढंच दाबून तीस टक्के जोर गेला. उतारावर तीस टक्के फार असतात.

तुम्ही हिप्परग्याला जाता तो रस्ता बराचसा सपाट आहे. त्याच रस्त्याने पुढे तुळजापूरला जा, घाट चढा आणि मग खाली या. तेव्हा बोलू.

---

साचेवाला

काय मालक, लिव्हरवरनं एवढी चर्चा करायलाव! 😀 मी जॉबर हाय, म्हंजे यंत्रमागाचा मिस्त्री, अक्कलकोट रोडला रोज रात्रपाळीला सायकलनं जातोय. मागावर काम करणाऱ्याला काकांचं म्हणणं लगेच कळतंय बगा. खीळ कुठं आणि जोर कुठं लावलाय ते चुकलं की माग पण नुसता आवाज करतोय.

माझी जुनी काळी सायकल, अठ्ठावीस इंची, सळईचा ब्रेक. वायरच नाही, त्यामुळं हा प्रश्नच नाही. लिव्हर वर ओढला की सळई वर येते, आणि रबर रिमच्या आतल्या अंगाला खालून लागतंय. पन्नास वर्सं झाली, माझ्या वडलांनी घेतलेली. पावसात मात्र काय सांगू नका. स्टीलची रिम भिजली की ब्रेक दाबून देवाचं नाव घ्यायचं. रिमचं पाणी पुसून निघाल्यावर लागतोय हळूहळू.

---

कडकभाकरी

साचेवाला दादा, "ब्रेक दाबून देवाचं नाव घ्यायचं" हे मी सायकलवर लिहून घेणार आहे.

---

घाटवाट

काकांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. थोडी भर घालतो.

माझ्याकडे टूरिंगची जुनी सायकल आहे, कँटिलिव्हर ब्रेकची. म्हणजे दोन आखूड हात बाहेर पसरलेले, त्यांना जोडणारी एक आडवी वायर, आणि त्या आडव्या वायरला मधून वर ओढणारी मुख्य वायर. मीही एकदा हौसेने व्ही ब्रेकचे लिव्हर लावले होते आणि तुळजापूरच्या घाटात घाम फुटला होता. अगदी दोन_चाकं यांच्यासारखंच. कोजागरीला आपल्याकडची माणसं चालत तुळजापूरला जातात, त्या गर्दीच्या दिवशी हे झालं असतं तर कुणाच्या तरी पायावर गेलो असतो.

कँटिलिव्हरमध्ये एक सोय असते. आडव्या वायरचा मधला जोड खाली घेतला, म्हणजे आडवी वायर सपाट होत गेली, की जोर वाढतो. वर घेतला की कमी होतो. चुकीच्या लिव्हरवर मी जोड खाली घेऊन थोडं निभावलं, पण मग तो टायरला घासायला लागला. शेवटी लिव्हरच बदलले.

आणि एक धोक्याची गोष्ट. मुख्य वायर तुटली तर ती आडवी वायर टायरवर पडते. पुढच्या चाकाच्या टायरला गोटे (रबराचे उंचवटे) असतील तर ती त्यात अडकून चाक जागीच थांबतं आणि तुम्ही हँडलवरून पुढे. म्हणून पुढचा मडगार्ड किंवा रिफ्लेक्टरची पट्टी काढू नका. ती वायरला अडवते.

---

दोन_चाकं

काका, मोजलं. लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी आणि मोबाईलचा टॉर्च. लिव्हर दाबायला लेक, पट्टी धरायला मी, आणि "तुम्ही दोघं काय करताय" म्हणायला बायको. आकडा आला ३४ मिमी. दोन वेळा मोजलं.

आणि हो, रविवारची_राईड यांचंही ऐकलं. रबरावर नख दाबून बघितलं, नख उमटत नाही. वरचा थर आरशासारखा चकाकतोय.

---

कडकभाकरी

माझं २४. काकांनी उदाहरणात जे दोन आकडे घेतले ते आमच्याच घरातून चोरले होते का?

---

व्हर्निअर

😀 नाही हो. पस्तीस वर्षं मोजल्यावर अंदाज बसतो.

ताई, तुमच्या सायकलचं आता स्पष्ट सांगता येतं. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत साधारण तीस अंश फिरतो असं धरू. २४ वाल्यातून साडेबारा मिमी वायर मिळते, म्हणजे व्ही ब्रेकचं रबर प्रत्येकी दीड मिमी सरकणार. त्यातलं थोडं आऊटर आकसण्यात आणि वायर ताणण्यात जातं. म्हणून रबर रिमला खेटून ठेवल्याशिवाय तो लागणारच नाही, आणि खेटून ठेवलं की वाकडी रिम खरखरणार. ३४ वाल्यातून जवळजवळ अठरा मिमी मिळते, म्हणजे सव्वादोन मिमी. एवढ्यात रिम थोडी वाकडी असली तरी निभावतं. तरी रिमची आउट (वाकडेपणा) काढून घ्याच.

आणि जोराचं म्हणाल तर आत्ता तुमच्या पुढच्या रबरावर बोटांचा जोर तेरा पटीने जातोय. योग्य लिव्हरने तो साडेनऊच्या आसपास येईल. अंडी का फुटली ते यात आहे. मागचं चाक उचललं गेलं हे हसण्यावारी नेऊ नका. लिव्हर बदलेपर्यंत पुढचा ब्रेक एका बोटाने वापरा.

---

घाटवाट

मला एक दिसतंय ते तुम्हा दोघांना दिसत नाहीये का?

दोन_चाकंकडे ३४ ची जोडी आहे, पाहिजे २४ ची. कडकभाकरीकडे २४ ची आहे, पाहिजे ३४ ची. दोघांचीही हँडलं सरळ. आणि तुम्ही दोघं राहता आसरा पुलाच्या आसपास!

---

कडकभाकरी

अय्या! 😲

---

दोन_चाकं

मी दोन दिवस दुकानांत फोन करतोय "२४ मिमीचे लिव्हर आहेत का", आणि समोरचा विचारतोय "कुठल्या कंपनीचे".

ताई, रविवारी सकाळी जमेल?

---

साचेवाला

पेढे कोण देणार ते आधी ठरवा. मी रात्रपाळी संपवून येतोय बगायला.

---

व्हर्निअर

थांबा. अदलाबदल करा, पण घाई नको. तीन गोष्टी तपासा.

लिव्हरची कडी हँडलवर नीट बसते का? सरळ हँडलच्या मुठीकडचा भाग बहुतेक २२.२ मिमीचा असतो, म्हणून बसेल. पण जुन्या कडीला स्क्रूच्या जागी बारीक चीर असते. अंगठ्याने दाबून बघा. चीर असेल तर तो लिव्हर कुठेही लावू नका.

वायर जुनीच वापरू नका. नटाखाली एकदा चेपलेली वायर दुसऱ्या जागी चेपली की तिथे एकेक तार तुटत जाते. शेवटी दोन तारांवर ब्रेक चालू असतो आणि कुणाला कळत नाही.

आऊटर ब्रेकचाच घ्या. गिअरचा आऊटर दिसायला जवळपास तसाच असतो. पण त्याच्या आत तारा लांबीला सरळ असतात, ब्रेकच्या आऊटरमध्ये स्प्रिंगसारख्या गोल गुंडाळलेल्या. जोरात ब्रेक दाबला की गिअरचा आऊटर फाटून तारा बाहेर येऊ शकतात. ऐन वेळी.

मी पण येतो. माझा व्हर्निअर कपाटात गंजतोय.

---

रविवारची_राईड

मान्य करतो, माझ्याही लिव्हरचं माप घेतलं. ३३. ब्रेक कॅलिपरचे. त्याला दोन पिना आहेत, म्हणून थोडा निभावत असेल का?

(अवांतर: गेल्या वर्षी बाळे गावाजवळ कुत्रं आडवं आलं होतं. थांबलो नव्हतो, वाचलो होतो. आत्ता आठवून अंगावर काटा आला.)

---

व्हर्निअर

हो. दोन पिनांच्या कॅलिपरचे हात एका पिनीवाल्यापेक्षा जोर जास्त वाढवतात, साधारण दीड ते पावणेदोन पट. म्हणून तुम्हाला इतके दिवस कळलं नाही. पण लिव्हर बदलाच. आणि रबराचा तुमचा सल्ला चुकीचा नव्हता. फक्त पहिला नव्हता.

काही लिव्हरमध्ये खाच सरकवायची सोय असते. आत एक छोटा ठोकळा असतो, तो स्क्रूने पिनीकडे किंवा लांब नेता येतो. काहींवर कॅलिपर आणि व्ही अशी दोन ठिकाणं खुणा करून दिलेली असतात. तुमचा तसा निघाला तर एक पैसा न घालवता काम होईल. आत टॉर्च मारा.

---

घाटवाट

खाली वळलेल्या हँडलवाल्यांसाठी एक वाक्य, कारण कुणीतरी विचारणारच. त्या हँडलचे जुने लिव्हर कमी वायर ओढणारे असतात, म्हणून पूर्ण लांबीचा व्ही ब्रेक त्यांना जमत नाही. त्यासाठी ८०-९० मिमी हाताचे मिनी व्ही मिळतात, नाहीतर मधे दोन व्यासांची पुली बसवावी लागते.

---

दोन_चाकं

रविवारचा वृत्तांत.

सकाळी साडेसातला जमलो. व्हर्निअर काका (खिशात खरंच व्हर्निअर, लेदरच्या पाकिटात), कडकभाकरी ताई आणि त्यांचा भाऊ, साचेवाला दादा रात्रपाळीवरून थेट, डोळे लाल, हातात शेंगाचटणीची पुडी. रविवारची_राईडही आले, गपचूप, आपली सायकल घेऊन. पेढे मी नेले होते.

लिव्हर बदलायच्या आधी साचेवाला दादा म्हणाले, "मालक, आदी मोजा, मग बदला. न्हाईतर फरक पडला म्हणून नुसतं समाधान." मग कॉलनीच्या रस्त्यावर खडूने रेघ मारली. मी साधारण ताशी वीसच्या वेगाने रेघेपर्यंत यायचं, रेघेवर दोन्ही ब्रेक पूर्ण दाबायचे, सायकल थांबली की ताईंच्या भावाने टेप लावायचा. वेग मोबाईलवर बघितला, त्यामुळे थोडंफार इकडेतिकडे.

आधीचे काळे लिव्हर, तीन वेळा: साडेआठ, नऊ, पुन्हा साडेआठ मीटर.

मग काका बसले. ताईंच्या डाव्या लिव्हरच्या कडीला त्यांनी नखाने चीर शोधली. आम्हा कुणाला दिसत नव्हती. त्यांनी तो लिव्हर कडेला ठेवला आणि म्हणाले, "हा नाही." म्हणजे मला पाहिजे होते दोन, मिळाला एक! तेवढ्यात रविवारची_राईड यांनी आपल्या लिव्हरमध्ये टॉर्च मारला आणि आत ठोकळा सापडला. स्क्रू फिरवून २५ ला आणला. त्यांचं काम फुकटात झालं, माझं अर्धंच. शेवटी उजवा, म्हणजे पुढच्या ब्रेकचा, ताईंचा लावला. मागचा आज तसाच ठेवलाय, जोडीदार मिळेपर्यंत. काका म्हणाले, थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच करतो, आधी तो नीट असू दे.

एकच लिव्हर बदलून: साडेसहा, सात, साडेसहा. मग नवीन रबरं लावली आणि रिम स्पिरिटने पुसली: सहाच्या आत, तिन्ही वेळा. साचेवाला दादांनी हे सगळं विडीच्या पाकिटावर लिहून घेतलं, कशासाठी ते विचारायचं राहिलं.

हाताला लागणारा फरक शब्दांत सांगणं अवघड आहे. लिव्हर आता आधीपेक्षा मऊ आहे. पहिल्यांदा दाबला तेव्हा मला वाटलं, झालं, बिघडवलं. आणि त्याच क्षणी सायकल थांबली.

---

कडकभाकरी

माझा रिपोर्ट. माझ्या दोन्ही लिव्हरची सोय झाली नाही, कारण दोन_चाकं यांचा मागचा त्यांच्याकडेच आहे. पुढचा लावला. काकांनी आउट काढून दिली, स्पोक एकेक पाव वळसा, रबराकडे डोळा लावून. वीस मिनिटं कुणी बोललं नाही. रबरं रिमपासून जराशी लांब घेतली, खर्र खर्र बंद.

आता गंमत. घरी येताना मी पुढचं चाक काढून भावाच्या गाडीत टाकलं होतं. घरी बसवलं, आणि ती वाकडी नळी असते ना, ब्रेकच्या हाताच्या खाचेत अडकवायची, ती अडकवायचीच विसरले. गेटपर्यंत गेले, ब्रेक दाबला, लिव्हर सपाक्कन हँडलला. गेट बंद होतं म्हणून बरं, गेटनेच थांबवलं. तर मंडळी, चाक बसवलं की आधी ती नळी.

---

व्हर्निअर

ताई, नळी अडकवली की लिव्हर दोनदा दाबा आणि मगच सीटवर बसा. मी अजूनही करतो.

दोन_चाकं, लेकीचे हात लहान आहेत. ताईंचा लिव्हर मोठा आहे, हँडलपासून लांब राहतो. कडीजवळ एक छोटा स्क्रू असेल, तो आत फिरवला की लिव्हर हँडलकडे येतो. नसेल तर वायर किंचित सैल सोडा. तिचं बोट लिव्हरच्या टोकापाशी पोचलं पाहिजे. खिळीजवळ दाबलं तर सगळं गणित पुन्हा उलटं.

---

दोन_चाकं

स्क्रू आहे, फिरवला. लेकीने रस्त्यावर चार फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "बाबा, हा जुना वाटतो, तो काळाच छान होता ना?" काळा आता कडकभाकरी ताईंच्या सायकलवर आहे असं सांगितलं.

मागच्या ब्रेकसाठी २४-२५ चा डावा लिव्हर कुणाकडे पडून असेल तर कळवा. चीर नसलेला. तो बसला की माझ्याकडचा ३४ चा डावा कडकभाकरी ताईंकडे जाईल.

---

साचेवाला

मंगळवार बाजारात जुनं सामान घेऊन बसणारा एक म्हातारा हाय, त्याच्याकडं पोतंभर लिव्हर असत्यात. मंगळवारी माझी सुट्टी. पट्टी घेऊन या.